चालतंय, हात लावू नये

हा मजकूर मी कागदावर, शाईच्या पेनाने लिहून पाठवला आहे. टाइप करणाऱ्यांना त्रास झाला असेल, त्याबद्दल माफी असावी. असं का केलं, ते शेवटी सांगतो.

आधी एक खुलासा. मी तीस वर्षं इथल्या एका दैनिकात विनोदी सदर लिहिलं. त्यात सगळ्यांची टिंगल केली. भुतांची सगळ्यात जास्त, कारण भुतं संपादकांना पत्रं पाठवत नाहीत. त्यामुळे 'हे सगळं खरं घडलंय' असं मी म्हटलं, की ऐकणारा आधीच हसण्याच्या तयारीला लागतो.

हसा. पण हे खरं घडलंय.

याच मे महिन्यातली गोष्ट. ठिकाण नगरचं केडगाव, पुणे रस्त्यापासून आत तिसरी गल्ली. अमावास्या नाही, पिंपळ नाही, रात्रसुद्धा नाही.

वेळ दुपारी अडीचची.

ऊन असं, की गल्लीतली कुत्री उभ्या टेम्पोखाली जाऊन पडलेली. कुठल्याही समजूतदार भुताने घराबाहेर पडू नये अशी ती वेळ.

पण आमचे रंगनाथराव वेळेच्या बाबतीत कधीच समजूतदार नव्हते.

रंगनाथराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, जयमालाचे यजमान. गेल्या भाद्रपदात गेले. जेवण झालं, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी वेळ लिहिली, दोन वाजून तीस मिनिटं.

तो कॉम्प्युटर त्यांनी स्वतः बांधला होता. डबा एकीकडून आणला, पंखे दुसरीकडून, पडद्यावर चित्र उमटवणारं आतलं ग्राफिक्स कार्ड पुण्याहून मांडीवर घेऊन आले. घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल, हे पडद्यावर फिरवून दाखवायचा त्यांचा धंदा. गिऱ्हाइकांशी बोलायचे रंगनाथराव. चित्रं काढायची जयमाला. कागदाच्या कोपऱ्यात नाव यायचं रंगनाथरावांचं.

त्यांची एक सवय होती. बटण दाबायच्या आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे.

टक... टक.

"आत कोणी असलं तर सावध झालेलं बरं," असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

तर बुधवारी सकाळी जयमालाचा फोन आला.

"दादा, येतोस का? मशीन माझं ऐकत नाही."

"अगं, मशीन कधी कोणाचं ऐकतं?"

"चेष्टा नको. शनिवारी नेवाशाला जायचंय."

शनिवारचं मला माहीत होतं. नेवाशाच्या एका शिक्षणसंस्थेला मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. जयमालाने त्याचं फिरतं चित्र समितीला दाखवायचं होतं. दाखवलं, तर तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम. नाही दाखवता आलं, तर तिचे दीर बन्सी टेम्पो घेऊन मशीन गावाकडे न्यायला येणार होते. तसं त्यांनी चार नातेवाइकांसमोर सांगितलं होतं. "अण्णा गेला, धंदा सपला. वहिनीच्यानं न्हाई व्हायचं."

मी गेलो. जयमालाने सगळं सांगितलं.

वसतिगृहाचं चित्र नव्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते उघडायला ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर लागत होता. ड्रायव्हर म्हणजे स्टिअरिंग धरणारा नव्हे. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. त्याला नवी भाषा येत नसली, तर चित्र पडद्यावर येत नाही.

"मग नवा टाक की."

"तीनदा टाकला, दादा. टाकला की चालतो. चित्र उघडतं, फिरतं. आणि मग..."

"मग काय?"

"मग अडीच वाजतात."

तिने पडद्यावर ड्रायव्हरची तारीख दाखवली. गेल्या वर्षीचा ऑगस्ट. रंगनाथरावांनी शेवटचा टाकलेला तोच.

मी सदर लिहिणारा माणूस. मला सगळ्यातलं कळतं. मी मशीन पुढे ओढलं, मागची धूळ पुसली, सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर चित्रं खडबडीत, अक्षरं पपईएवढी.

"आता तर जास्तच बिघडलं," जयमाला म्हणाली.

दोन तास झगडलो. शेवटी सुकन्याला फोन लावला. सुकन्याचं दिल्ली दरवाजाजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रंगनाथराव सुटे भाग तिच्याकडून घ्यायचे आणि तिलाच शिकवायला जायचे.

"काका, पडद्याची वायर कुठं खोचलीय? वरच्या भोकात की खालच्या?"

"वरच्या."

"ते वरचं कार्डाचं नाही. खालच्यात खोचा. तुम्ही कार्डाला बाजूला बसवून कार्डाची दुरुस्ती करताय."

खालच्यात खोचली. अक्षरं माणसात आली. जयमालाने चहा अर्धाच कप दिला.

अडीचच्या भानगडीचंही सुकन्याकडे उत्तर होतं. कॉम्प्युटर नेटवरून आपल्या मनाने जुना ड्रायव्हर ओढून बसवतो, असं होतं कधीकधी. आधी नेट तोडायचं. मग जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा. मग नवा टाकायचा.

"भूतबित काही नाही, काका."

"मी कुठं भूत म्हटलं?"

"तुमच्या आवाजात होतं."

गुरुवारी सकाळी आम्ही ते सगळं केलं. नेटची वायर उपसून खिडकीच्या गजाला गुंडाळली. जुना ड्रायव्हर काढला. नवा टाकला. वसतिगृह उघडलं. तीन मजले, व्हरांडा, जाळीच्या खिडक्या. छान फिरत होतं.

दोन वाजता जेवलो. अडीचला मी खुर्चीपासून जरा लांब बसलो. सहज.

जयमाला खुर्चीतच होती.

टक...

मी तिच्या हातांकडे बघितलं. दोन्ही मांडीवर.

टक.

आवाज डब्याच्या आतून आला होता.

पडदा काळा झाला. पंख्यांची घरघर थांबली. खोली इतकी शांत झाली, की शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकून बरं वाटलं.

मग मशीन आपोआप सुरू झालं.

ड्रायव्हरची तारीख... ऑगस्ट.

नेटची वायर खिडकीच्या गजाला तशीच लटकत होती.

आमच्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एसटीच्या पाट्या बदलल्या, दुकानांच्या बदलल्या. एवढा मोठा बदल पार पडला. या डब्यातला एक दुभाषा मात्र बदलायला तयार नव्हता.

"दादा, हे तेच आहेत," जयमाला म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा... हे एकच वाक्य ऐकत मी संसार केला. गॅसची शेगडी बदलू दिली नाही, फोन बदलू दिला नाही. मी ओळखणार नाही?"

शुक्रवारी सकाळी सुकन्या स्कूटरवरून स्वतःच आली. तिच्या मागोमाग टेम्पोही आला.

"भाऊजी, शनिवार उद्या आहे," जयमाला दारातच म्हणाली.

"तसं न्हाई, वहिनी. म्हनलं आजच बघून घ्यावं, टेम्पोत बसतंय का." बन्सी आत येऊन मशीनकडे बघत बसले. माणूस वाईट नाही. फक्त घरातली बाई एखादी गोष्ट करू शकते, हे त्यांना अजून कोणी दाखवलेलं नव्हतं.

सुकन्याने डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढली.

आत सगळं नीटनेटकं. कोपऱ्यात आपट्याची वाळलेली पानं, जुन्या दसऱ्याची. पत्र्याला बोटभर कुंकू. आणि एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. स्केचपेनाचं अक्षर, 'ह'ला नको तेवढी शेपटी.

*चालतंय. हात लावू नये.*

बन्सींनी हात जोडले. "अण्णाचंच अक्षर."

"चिठ्ठीनं ड्रायव्हर बदलत नाही," सुकन्या म्हणाली आणि कार्ड बाहेर काढलं. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर ठेवलं. लहान मुलाचा पाट असावा एवढं, दोन पंख्यांचं धूड. ती ब्रशने धूळ झाडायला लागली.

सव्वादोनला वीज गेली.

छताचा पंखा हळूहळू थांबला. खिडकीचा पडदा हलत नव्हता. आम्ही चौघं घाम पुसत बसलो. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे. अडीच वाजले होते.

टक...

रिकाम्या, उघड्या डब्यातून. वीज नाही. आत कार्ड नाही.

टक.

"काका," सुकन्या हळूच म्हणाली, "फुंकर मारताय का तुम्ही?"

मी भिंतीला टेकून उभा होतो. पाच हात लांब.

टॉवेलवर ठेवलेल्या कार्डाचा एक पंखा... फिरत होता.

एकच. सावकाश. मग जरा वेगाने. मग दुसरा.

कार्डाला एकही वायर जोडलेली नव्हती.

"वहिनी... अण्णा हाय त्यो," बन्सी म्हणाले. उठले, चप्पल न घालता बाहेर गेले, टेम्पोत बसले आणि त्या उन्हात काचा वर करून घेतल्या.

आता एक कबुली. मला भीती वाटली की मी विनोद करतो. तीस वर्षांचं सदर त्यातूनच निघालं. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं:

"रंगनाथराव, हिला सोडा. एवढंच मन रमत नसेल तर माझ्या लॅपटॉपवर या. तिथं तीन वर्षांत कोणी काही अपडेट केलेलं नाही. तुम्हाला अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल."

कोणी हसलं नाही.

जयमाला उठली. टेबलापाशी गेली. फिरत्या पंख्यांसमोर उभी राहिली.

"अहो, हात काढा."

पंखे फिरत राहिले.

"अहो, ऐकू येतंय ना?"

पंखे आणखी जोरात फिरायला लागले. टॉवेलचं टोक थरथरत होतं.

जयमालाने पदर खोचला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, तिने नवऱ्याचं नाव घेतलं.

"रंगनाथ."

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. आधी नाही.

"मशीन तुम्ही बांधलंत. मान्य. पण नऊ वर्षं रेघ मी ओढली. कोपऱ्यात तुमचं नाव आलं, मी बोलले नाही. हे माझं काम आहे. आता हात काढा. नाही काढलात तरी मी टाकणार आहे. रोज अडीचला तुम्ही काढा, रोज तीनला मी टाकीन. मला आता दुसरं काम नाही. बघू कोण आधी थकतं."

ती थांबली. पंखे...

मंदावले. एक थांबला. मग दुसरा.

पटलं म्हणून थांबले, की वादात तिच्यापुढे टिकाव लागत नाही हे जुनं आठवलं म्हणून, सांगता येत नाही.

जयमाला आत गेली आणि देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आली. मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं, अवजारं पुसून पुजतात. ज्याच्या हातात जे चालतं, त्याने त्याला कुंकू लावायचं. या मशीनला दर वर्षी कुंकू लावलं रंगनाथरावांनी. ते चालवणारी जयमाला त्या वेळी स्वयंपाकघरात विळी पुजत असायची. गेला दसरा तर दुःखातच गेला. मशीनला कुंकू लागलंच नाही.

"मे महिन्यात खंडेनवमी?" मी विचारलं.

"हत्यार आज माझ्या हातात आलंय. दसऱ्यापर्यंत कुठं थांबू?"

टेम्पोची काच चार बोटं खाली आली. "वहिनी, तुमी... आन् कुंकू?"

"भाऊजी, हत्याराला लावतेय," जयमाला दारातूनच म्हणाली. "आणि कपाळाला लावलं, तरी कपाळ माझंच आहे."

काच वर गेली.

तिने जुनं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. नवं लावलं. पिवळी चिठ्ठी नखाने सोडवली, फाडून चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. हे नीट लक्षात ठेवा. तो कचरा शनिवारी सकाळी घंटागाडीत मी स्वतः टाकला. माझ्या हाताने.

चारला वीज आली. सुकन्याने कार्ड बसवलं. नवा ड्रायव्हर टाकला तो मात्र जयमालाने. दिवेलागणीपर्यंत वसतिगृह पडद्यावर फिरत होतं.

पण शनिवारचे अडीच अजून वाजायचे होते.

शनिवारी मशीन मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा बांधून. मी शेजारी बसलो, पट्ट्याशिवाय. अकराची बैठक. समितीचे सभासद बाराला आले. मग चहा झाला. मग एका सभासदाची वाट बघायची ठरली. मग ते आले आणि जेवायची वेळ झाली.

जयमालाला बोलावलं तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी दोन वेळा सचिवांना म्हटलं, "तीनला सुरू केलं तर?"

"दादा, गप्प बस," जयमाला म्हणाली.

तिने बटण दाबलं. डब्यावर न वाजवता. वसतिगृह उघडलं. ती बोलायला लागली. ही खिडकी पूर्वेला का, जिना मधोमध का, मुलींना कपडे वाळत घालायला गच्चीवर आडोसा का. सभासद पुढे झुकले. मी घड्याळाकडे बघत होतो.

दोन अठ्ठावीस.

दोन एकोणतीस.

दोन तीस...

पडदा काळा झाला.

एका सभासदाने "गेली का लाइट?" असं विचारलं. वरचा पंखा फिरत होता. लाइट होती.

जयमालाने मान वळवली नाही. काळ्या पडद्यासमोर उभी राहून ती बोलतच राहिली. "आणि इथून, या व्हरांड्यातून, प्रवरा दिसेल..."

मी टक टक ऐकायची वाट बघत होतो.

ती आली नाही.

पडदा उजळला. व्हरांडा पडद्यावर आला, सावकाश फिरला. चित्राच्या कोपऱ्यात नाव होतं, जयमाला. ड्रायव्हरची तारीख मी नंतर तीनदा पाहिली. नवीच होती.

काम तिला मिळालं. बन्सी भाऊजी आता गावाकडे सगळ्यांना सांगतात, "आमची वहिनी म्हंजे अण्णालासुदिक आयकत न्हाई." बोलण्यात अभिमान आहे. टेम्पो मात्र ते गल्लीच्या तोंडाशीच उभा करतात.

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती. चांगल्या बातम्यांवर माझा कधी विश्वास नव्हता.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी आलो. आमची ही दारातच म्हणाली, "दुपारी तुमच्या टेबलावर कोण वाजवत होतं?"

"कधी?"

"मी जरा आडवी झाले होते. अडीच असतील. दोनदा वाजलं. बघायला आले, तर कोणीच नाही. तुमचा लॅपटॉप तेवढा उघडा."

लॅपटॉप मी सकाळी मिटून गेलो होतो.

त्यानंतर तो तापायला लागला. बंद असला तरी गरम. आठवडाभर दम धरून शेवटी सुकन्याच्या दुकानात ठेवून आलो. दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"काका, हा लॅपटॉप याआधी कोणी उघडला होता?"

"नाही. का?"

"स्क्रूवरचं कंपनीचं सील जागेवर होतं. मीच आता फोडलं. फोटो पाठवलाय. बघा."

मी बघितला.

लॅपटॉपच्या आत, बॅटरीच्या शेजारी, पिवळी चिठ्ठी. स्केचपेनाचं अक्षर. 'ह'ला नको तेवढी शेपटी.

*चालतंय. हात लावू नये.*

चिठ्ठीचे चार तुकडे होते. नीट जुळवून चिकटवलेले.

सुकन्याने विचारलं, "काढू का?" मी म्हटलं, "राहू दे." ती हसली नाही. बॅटरी काढून स्वतःकडे ठेवून घेतली.

मी बोलावलं होतं, हे मला मान्य आहे. पाहुणा आला, हेही मान्य आहे. पण माझ्या लॅपटॉपवर काय टाकायचं आणि काय नाही, हे मी ठरवणार. जयमालाला सगळं सांगितलं. म्हणाली, "उद्या अडीचला आपण अपडेट टाकू, दादा. मी करंडा घेऊन येते. हात मात्र तुझा हवा."

हात माझाच असेल.  

तर म्हणून हे कागदावर लिहिलं. लॅपटॉप कपाटात आहे, बॅटरी सुकन्याच्या दुकानात आहे, कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे. बाहेर ऊन कडक आहे. घड्याळात दोन एकोणतीस झालेत.

टक...

दुसरी अजून यायची आहे. मी खुर्ची कपाटाकडे वळवून बसलोय.